मस्करी कुणाची, फटका कुणाला

फेब्रुवारी २०१९. सेंट लुशियातल्या ग्रोस आयलेटला वेस्ट इंडीज आणि इंग्लंडची तिसरी टेस्ट चालू, जो रूट बॅटिंगला, शॅनन गॅब्रिएल बोलिंगला, आणि दोघांत काहीतरी बोलाचाली झाली. गॅब्रिएल काय म्हणाला ते टीव्हीवर ऐकूच आलं नाही. ऐकू आलं ते फक्त रूटचं उत्तर, स्टंप माइकमध्ये अगदी स्वच्छ, की हे शिवी म्हणून वापरू नकोस, गे असण्यात काही वाईट नाहीये. आवाज न चढवता, एवढंच. त्या इनिंगमध्ये रूटने १२२ काढले, इंग्लंड २३२ रन्सनी जिंकलं (सिरीज वेस्ट इंडीजने आधीच खिशात टाकली होती, तो भाग वेगळा), आणि गॅब्रिएलला ७५ टक्के मॅच फीचा दंड आणि आधीच्या गैरवर्तनाचे डिमेरिट पॉइंट धरून चार वनडेंची बंदी बसली.

नंतर गॅब्रिएलने माफीचं स्टेटमेंट काढलं आणि आपण काय बोललो होतो ते स्वतःच सांगून टाकलं: माझ्याकडे बघून हसतोस का, तुला मुलगे आवडतात का? पुढे हेही सांगितलं की प्रेशर होतं, रूट रोखून बघत होता, आणि स्वतःचं टेन्शन फोडायला आपण ते बोललो. मला या सगळ्या प्रकरणात हे वाक्य सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. म्हणजे बघा, या माणसाने समलिंगी लोकांबद्दल काही विचार केला, मत बनवलं, मग ते मांडलं, असलं काही झालेलं नाही. टेन्शन आलं, हात खिशात घातला, जे पहिलं नाणं हाताला लागलं ते फेकलं. आता हे नाणं जगभरच्या सगळ्या पुरुष खेळाडूंच्या खिशात कुठून येतं आणि ते चालतं कशामुळे, खरा प्रश्न तो आहे. गॅब्रिएल वाईट माणूस आहे का, यात मला काडीचा इंटरेस्ट नाही.

यावर जो हमखास आक्षेप येतो तो आधी नीट मांडतो, कारण तो येडपट नाहीये. टीममधली पोरं वर्षातले कित्येक महिने एकत्र असतात, बस, हॉटेल, नेट्स, परत बस. तिथे चिडवाचिडवी होणारच, कुणाच्या पोटावरून, कुणाच्या इंग्लिशवरून, कुणाच्या गावावरून. ज्याला कुणीच चिडवत नाही तो टीममध्ये एकटा पडलेला असतो हे कुठल्याही टीममध्ये राहिलेला माणूस सांगेल. त्यात गे असण्यावरून चार जोक झाले तर काय आभाळ कोसळलं? हेतू वाईट नव्हता. आणि मुख्य म्हणजे ज्याला बोललं त्याला काही झालं का? रूट गे नाही, त्याला त्रास झाला नाही, उलट शतक ठोकलं. मग नुकसान कुणाचं झालं, तो माणूस दाखवा ना.

मीही स्लेजिंगचा, म्हणजे मैदानावर समोरच्याला बोलून डिवचण्याचा, शौकीन आहे, उगाच सोवळं नेसून बसलेलो नाही. स्लेजिंगशिवाय टेस्ट क्रिकेट म्हणजे अळणी वरण, आणि सगळ्यांनी एकमेकांना 'छान खेळलास हं' म्हणत पाच दिवस काढावेत अशी माझी अजिबात इच्छा नाही. पण 'तो माणूस दाखवा' हे जे आव्हान आहे ना, त्यातच सगळी मेख आहे. या जोकचा मार ज्याच्यावर फेकला त्याला बसतच नाही बहुतेक वेळा. तो बसतो बाजूला उभा राहून हसणाऱ्या एखाद्याला, आणि तो हात वर करून 'मला लागलं' म्हणू शकत नाही, कारण म्हटलं की तो कोण आहे ते सगळ्यांना कळलं. थोडक्यात पुरावा असा मागायचा की जो देणाऱ्याचंच करिअर संपेल, आणि मग म्हणायचं बघा, कुणीच तक्रार करत नाही.

तरी एक माणूस दाखवतोच. ग्रॅम ल सो. नव्वदच्या दशकात इंग्लंडच्या फुटबॉल टीमचा लेफ्ट बॅक, चेल्सी आणि ब्लॅकबर्नकडून खेळला, जर्सी बेटावरचा. १९९१ मध्ये सिझन संपल्यावर तो चेल्सीतल्या केन मोंकू या टीममेटबरोबर युरोपात कॅम्पिंगला गेला. परत आल्यावर ड्रेसिंग रूममध्ये त्यावरून फिरकी घेणं सुरू झालं. त्यात हा गडी 'गार्डियन' पेपर वाचायचा, जुन्या वस्तूंची आवड, बाकीच्यांसारखी दारूपार्टी फार नाही. झालं, शिक्का बसला. ल सो गे नव्हता. आणि सुरुवात करणारे कुणी शत्रू नव्हते, त्याचेच टीममेट, मस्करीच चालली होती. पण ड्रेसिंग रूममधली मस्करी बाहेर पडते, दुसऱ्या टीमच्या कानावर जाते, तिथून स्टँडमध्ये जाते, आणि बघता बघता हजारो लोक स्टेडियममध्ये ते गाण्यासारखं म्हणायला लागतात. वर्षानुवर्षं, गावोगावी, प्रत्येक थ्रो-इनला. त्याने नंतर लिहिलंय की यापायी फुटबॉल सोडायचा विचार मनात येऊन गेला होता.

मग २७ फेब्रुवारी १९९९, चेल्सी विरुद्ध लिव्हरपूल. फ्री किक घ्यायला ल सो उभा आणि लिव्हरपूलचा रॉबी फाउलर त्याच्यासमोर ओणवा होऊन ढुंगण पुढे करून दाखवतोय. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. ल सो किक घ्यायला थांबला, रेफ्रीने काही तरी करावं म्हणून, तर रेफ्रीने यलो कार्ड दाखवलं ते ल सोलाच, टाइमपास करतो म्हणून! पुढे चिडून ल सोने फाउलरला मागून हाणली, ते चूकच, त्याची शिक्षाही त्याला झाली. पण खरी गंमत पुढे आहे. त्याच सिझनमध्ये एव्हर्टनच्या प्रेक्षकांनी फाउलर ड्रग्ज घेतो म्हणून त्याला पिडलं होतं, तर त्याने गोल मारल्यावर मैदानावरच्या पांढऱ्या रेषेवर वाकून नाकाने ओढल्याची ॲक्टिंग केली. फुटबॉल असोसिएशनने दोन्ही प्रकरणांचा निकाल एकत्र लावला. कोकेनच्या ॲक्टिंगला चार मॅचची बंदी. ल सोच्या प्रकाराला दोन. म्हणजे स्वतःवरच्या अफवेची स्वतः टर उडवली तर डबल शिक्षा, आणि दुसऱ्याच्या अफवेवर त्याच्या तोंडासमोर नाचलात तर अर्धी. त्या काळी कुठलं काय किती गंभीर धरलं जायचं याचा असा रेट कार्ड क्वचितच सापडतो.

आता त्या दिवशी स्टेडियममध्ये किंवा टीव्हीसमोर बसलेला सतरा-अठरा वर्षांचा एखादा पोरगा डोळ्यासमोर आणा, कुठल्यातरी क्लबच्या युथ टीममध्ये असलेला, आणि खरंच गे असलेला. त्याने काय पाहिलं? लग्न झालेल्या, पोराबाळाच्या, इंग्लंडकडून खेळणाऱ्या माणसाचं नुसत्या संशयावर हे करतात, आणि वर रेफ्री त्यालाच कार्ड दाखवतो. मग खरा सापडला तर? तो पोरगा दुसऱ्या दिवशी ट्रेनिंगला जाऊन फाउलरची नक्कल करून सगळ्यांना हसवणार, सगळ्यात मोठ्याने तोच हसणार, कारण लपायला तीच जागा सगळ्यात सेफ.

जस्टिन फॅशानूचं उदाहरण लोक इथे हटकून देतात आणि बऱ्याचदा अर्धवट देतात. १९८१ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टने त्याला नॉर्विचकडून दहा लाख पाउंडांना घेतलं, तेवढी किंमत आलेला तो पहिला कृष्णवर्णीय फुटबॉलर. मॅनेजर ब्रायन क्लफ, म्हणजे इंग्लिश फुटबॉलमधला सगळ्यात हजरजबाबी माणूस. पोरगा गे क्लबात जातो हे कानावर आल्यावर क्लफने त्याला उभा करून विचारलं, पाव पाहिजे असेल तर कुठे जातोस? बेकरीत. मटण पाहिजे असेल तर? खाटकाकडे. मग त्या अमक्या क्लबात कशाला जातोस सारखा? आणि त्या 'अमक्या'च्या जागी जी शिवी होती ती होतीच. हा किस्सा क्लफनेच नंतर आत्मचरित्रात सांगितलाय. मॅनेजरने मारलेला जोक, पंच एकदम करेक्ट, आणि पुढे त्याच पोराला ट्रेनिंगमधून बाहेर काढलं गेलं. फॅशानूने ऑक्टोबर १९९० मध्ये जाहीर सांगितलं, मे १९९८ मध्ये त्याने आत्महत्या केली. तेव्हा त्याच्यावर अमेरिकेत एक लैंगिक अत्याचाराचा आरोप झालेला होता, आयुष्यात इतरही खूप गुंता होता, त्यामुळे 'जोकमुळे जीव गेला' असं कुणी म्हणत असेल तर मी त्याच्या बाजूने उभा राहणार नाही. एखाद्याच्या मरणाचा पोस्टर करून वाद जिंकणं मला पटत नाही.

मला त्याच्यानंतरचा काळ जास्त बोलका वाटतो. १९९० नंतर ब्रिटनमधल्या व्यावसायिक पुरुष फुटबॉलमध्ये खेळत असताना मी गे आहे असं सांगणारा पुढचा माणूस आला थेट मे २०२२ मध्ये, ब्लॅकपूलचा जेक डॅनियल्स, वय वर्षं १७. मध्ये ३२ वर्षं गेली. या ३२ वर्षांत हजारो खेळाडू येऊन गेले, लंडनमध्ये प्राइड परेड निघत होत्या, पार्लमेंटमध्ये उघडपणे गे असलेले खासदार होते, मंत्री होते, २०१४ पासून इंग्लंडमध्ये समलिंगी लग्नं कायदेशीर झाली. फक्त फुटबॉलच्या ड्रेसिंग रूममध्ये एकही नाही? यावर फक्त दोनच उत्तरं असू शकतात. एक तर फुटबॉल खेळायला येणाऱ्या मुलांमध्ये निसर्गाने काहीतरी वेगळीच चाळण लावलीय. नाहीतर ते सगळे तिथेच होते आणि गप्प होते. पहिलं उत्तर मनापासून मानणारा माणूस मला अजून भेटायचाय.

बाजूला उभा असलेला माणूस कधी कधी समोर येतोही. डिसेंबर २०१५ मध्ये एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या एका मॅचमध्ये राजॉन राँडो या खेळाडूला रेफ्रीने बाहेर काढलं, तर त्याने जाता जाता बिल केनेडी या रेफ्रीला गे लोकांसाठीची शिवी घातली. राँडोला एका मॅचची बंदी झाली. आणि त्यानंतर केनेडीने जाहीर केलं की हो, मी गे आहे, आणि मला एनबीएचा रेफ्री असल्याचाही अभिमान आहे. ही वेळ त्याने निवडलेली नव्हती, दुसऱ्याने त्याच्यावर आणली. स्वतःच्या आयुष्यातली ही गोष्ट कधी, कुणाला, कशी सांगायची हे ठरवायचा हक्क एका शिवीने जवळपास हिसकावून घेतला. आणि हा एक तरी बोलला, केनेडीच्या जागी जे बोलत नाहीत त्यांचा हिशोब कोण ठेवणार?

बरं, पण नुसते किस्से सांगून भागत नाही, जोकने खरंच काही होतं का? अमेरिकेत थॉमस फोर्ड नावाचे मानसशास्त्रज्ञ यावर बरीच वर्षं काम करतायत, त्यांचे प्रयोग मुख्यतः बायकांवरच्या जोक्सचे आहेत, पण मुद्दा इथेही लागू होतो असं मला वाटतं. त्यांचं म्हणणं असं नाही की जोक ऐकून चांगला माणूस बिघडतो. ज्याच्या मनात आधीच आकस आहे त्याला जोकमुळे सिग्नल मिळतो, की इथे हे चालतं, मोकळं सुट. एका प्रयोगात ज्या पुरुषांच्या मनात बायकांबद्दल आधीपासून राग होता त्यांनी तसले जोक वाचल्यावर महिलांच्या संस्थेला पैसे द्यायला हात आखडता घेतला, बाकीच्यांवर तसा फरक दिसला नाही. म्हणजे वीसजणांच्या टीममध्ये अठराजणांवर जोकचा काही परिणाम होत नसेलही. पण उरलेल्या दोघांना परवानगी मिळाली. आणि गप्प बसलेल्या एकाला कळलं की परवानगी मिळालीय.

दुसरं काम ऑस्ट्रेलियातल्या मोनाश युनिव्हर्सिटीच्या एरिक डेनिसन यांच्या टीमचं, आणि हे वाचून मला स्वतःला धक्का बसला. त्यांनी टीनएज रग्बी खेळाडूंना विचारलं की असली भाषा का वापरता. तर भाषा वापरणं आणि मनात गे लोकांबद्दल वाईट मत असणं यांचा फारसा संबंधच लागेना. संबंध लागला तो बाकीचे टीममेट काय बोलतात याच्याशी. म्हणजे गॅब्रिएलवाली गोष्ट, सवय. मग त्यांनी मोठ्या क्लबच्या प्रोफेशनल खेळाडूंना पोरांसमोर उभं करून समजावून सांगायला लावलं, की असं बोलू नका रे बाबांनो. रीतसर ट्रायल केली. फरक? जवळपास शून्य. हिरो येऊन भाषण देऊन गेला, सगळ्यांनी माना डोलावल्या, सेल्फी काढले, आणि दुसऱ्या दिवशी ट्रेनिंगमध्ये तीच भाषा. ज्यांना वाटतं की एक कॅम्पेन व्हिडिओ केला आणि इंद्रधनुष्यी बुटांच्या लेस वाटल्या की काम झालं, त्यांनी यावर जरा विचार करावा.

आता आपल्याकडे येऊ. आपल्याकडे असलं काही नसतंच, हे तर सुवर्णाक्षरात लिहून ठेवण्यासारखं वाक्य. १९३२ पासून भारताकडून ३०० हून जास्त पुरुष टेस्ट खेळले आणि त्यातल्या एकानेही, रिटायर होऊन नातवंडं खेळवायच्या वयातसुद्धा, मी समलिंगी आहे असं जाहीर सांगितलेलं नाही. इंग्लंडच्या स्टीव्हन डेव्हिसने २०११ मध्ये सांगितलं, करिअर चालू असताना सांगणारा तो पहिला आंतरराष्ट्रीय पुरुष क्रिकेटर. न्यूझीलंडचा फास्ट बोलर हीथ डेव्हिस १९९४ ते १९९७ मध्ये टेस्ट खेळला आणि बोलला २०२२ मध्ये, तोवर त्याला देश सोडून ऑस्ट्रेलियात जाऊन किती वर्षं झाली होती. आपल्याकडे तर तेवढंही नाही. आणि मैदानावर काय चालतं ते मी काय सांगायचं, सगळ्यांनी ऐकलेलं आहे. कॅच सुटला की बांगड्या भर. थ्रो आखूड पडला की काय मुलीसारखा फेकतोस. बाउन्सरला वाकलास की बायल्या. आणि याच्या पुढचे शब्द तर इथे लिहीत नाही. रायगड-ठाण्याकडच्या टेनिस क्रिकेटच्या टुर्नामेंट आता युट्यूबवर लाइव्ह असतात, माइकवरची कॉमेंट्री म्हणजे अर्धी मॅच, काय एकेक धमाल बोलतात लोक, पण दोन प्लेअर विकेट पडल्यावर जरा जास्त वेळ गळ्यात पडले की माइकवरून काय येणार हे आधीच माहीत असतं. हेच मग आयपीएलच्या मीममध्ये, दोन खेळाडूंचा मिठी मारतानाचा फोटो, खाली लग्नाची पत्रिका.

त्या वातावरणात आत राहिलेलं माणूस बोललं तेव्हा काय बाहेर आलं बघा. अनाया बांगर, भारताकडून टेस्ट खेळलेल्या आणि नंतर टीमचे बॅटिंग कोच झालेल्या संजय बांगर यांची मुलगी. बांगर मूळचे बीडचे. अनाया ट्रान्स आहे, मुलांच्या क्रिकेटमध्ये वाढली, आणि २०२५ मध्ये मुलाखतीत तिने सांगितलं की क्रिकेटच्या जगात स्वतःला लपवूनच राहावं लागलं. तिने सांगितलेली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही: एक जण सगळ्यांसमोर तिला शिव्या घालायचा, आणि तोच नंतर शेजारी येऊन बसायचा आणि तिचे फोटो मागायचा. चारचौघांत शिवी आणि एकांतात फोटो. ही टर मर्दानगीच्या हजेरीपटावर सही करण्यासाठी असते, सगळ्यांसमोर केली की सही झाली. मग मनात काय आहे ते कुणी विचारत नाही. ट्रान्स असणं आणि गे असणं या वेगळ्या गोष्टी आहेत हे मला कळतं, पण ड्रेसिंग रूमला तो फरक कळत नाही, तिथे सगळ्यांना एकच शिवी पुरते.

आपल्याला जोकमधला दुखावा कळतच नाही असंही नाही हां. २०१९ मध्ये हार्दिक पंड्या आणि के. एल. राहुल टीव्हीवर बायकांबद्दल जे बरळले त्याबद्दल त्यांना दौऱ्यावरून घरी पाठवलं आणि पुढे प्रत्येकी २० लाखांचा दंड झाला. २०२० मध्ये युवराज सिंगने इन्स्टाग्राम लाइव्हवर हसत हसत जातिवाचक शब्द वापरला, केस झाली, माफी मागावी लागली. २०२४ मध्ये युवराज, हरभजन, रैना यांनी लंगडत चालण्याचा रील टाकला, तर पॅरा-बॅडमिंटनची वर्ल्ड चॅम्पियन मानसी जोशी, आपली मुंबईची, तिने जाहीर सुनावलं, आणि हरभजनने माफी मागून विषय मिटवला. तिन्ही वेळेला 'मस्करी होती' हा बचाव होता आणि तिन्ही वेळेला तो चालला नाही. कारण मानसी जोशी आहे. बोलणारं माणूस आहे, त्याच खेळांच्या दुनियेतलं, मेडल जिंकलेलं, नाव असलेलं. गे जोकच्या बाबतीत आपल्या पुरुष क्रिकेटमध्ये ती मानसी जोशी नाहीये, आणि ती का नाहीये याचं कारण तो जोकच आहे. गोल गोल फिरून तिथेच येतो आपण.

बायकांच्या क्रिकेटमध्ये चित्र वेगळं आहे आणि ते बघून मला बरं वाटतं, थोडी असूयाही वाटते. मार्च २०२३, ब्रेबर्न स्टेडियम, पहिल्या डब्ल्यूपीएलची, म्हणजे बायकांच्या आयपीएलची, फायनल. मुंबई इंडियन्सला जिंकून दिलं नॅट सिव्हर-ब्रंटने, नाबाद ६०. तिने २०२२ मध्ये इंग्लंडच्याच कॅथरीन ब्रंटशी लग्न केलंय, आडनावातच लिहिलंय, लपवायला काही नाही. मुंबईकरांनी काय केलं? टाळ्या वाजवल्या, झेंडे हलवले. कुणाचा धर्म बुडाला नाही की ब्रेबर्नचं पिच फुटलं नाही. तरी सगळं आलबेल आहे असं म्हणायचं नाहीये, धावपटू द्युती चंदने मे २०१९ मध्ये आपलं एका मुलीवर प्रेम आहे हे सांगितलं तेव्हा गावापासून घरापर्यंत तिला काय ऐकावं लागलं ते सगळ्यांनी वाचलंय. पण तिने सांगितलं आणि दोन महिन्यांत नेपल्सला जागतिक युनिव्हर्सिटी गेम्समध्ये १०० मीटरचं गोल्ड मारलं. तिने हेही सांगितलं होतं की समलिंगी संबंध गुन्हा नाही असा कलम ३७७ चा निकाल आला त्याने धीर आला. कायद्याने एवढा फरक पडतो तर टीमने किती पडेल.

मग करायचं काय? दंडावर माझा फार भरवसा नाही. मेक्सिकोचे फुटबॉल प्रेक्षक समोरच्या गोलकीपरने किक मारली की गे लोकांसाठीची एक शिवी एका सुरात ओरडतात, त्यांचंही म्हणणं हेच की आम्ही मस्करी करतो. फिफाने दंड लावले, प्रेक्षकांविना मॅच खेळायला लावल्या, जून २०२३ मध्ये लास व्हेगासला अमेरिकेविरुद्धची मॅच रेफ्रीने त्यापायी लवकर संपवली. ओरडा थांबला का? नाही. पोलीस केस तर त्याहून नको, जोकवर एफआयआर करायची सवय आपल्या देशात कुणाकुणाच्या हातात पडते ते आपण बघतोच आहोत. आणि हो, गे लोक आपसात स्वतःवर जे जोक करतात त्याचा दाखला देऊ नका, माणसाने स्वतःवर केलेला विनोद आणि फाउलरने ल सोवर केलेला यात फरक कळत नसेल तर मग बोलणंच खुंटलं.

दंडाने निदान विषय टेबलावर येतो, हे मात्र खरं. एप्रिल २०११ मध्ये बास्केटबॉलचा सुपरस्टार कोबी ब्रायंटने रेफ्रीला असलीच शिवी घातली, एनबीएने एक लाख डॉलर ठोकले. दोन वर्षांनी ट्विटरवर कुणीतरी दुसऱ्याला 'गे' म्हणून हिणवत होता तर कोबीनेच त्याला अडवलं. लोकांनी लगेच त्याचा जुना प्रकार काढला, तर तो म्हणाला, बरोबर, ते माझं अज्ञान होतं. पण एक लाख डॉलर तर बाकीच्यांनीही भरले असतील, सगळे कुठे बदलले. कोबी बदलला त्याचा फायदा असा की तो कोबी होता, त्याने अडवलं की समोरचा थांबतो.

म्हणून मला परत रूट आठवतो, कारण मोनाशवाल्यांच्या अभ्यासात जे सापडलं त्याला धरून त्याचं वागणं आहे. भाषण नाही, कॅम्पेन नाही, पिचवर, त्याच सेकंदाला, आणि तो कॅप्टन होता. टीममध्ये काय चालतं हे पोस्टरवर लिहून ठरत नाही, कॅप्टन कशावर हसतो त्यावर ठरतं. स्टीव्हन डेव्हिसने जगाला सांगायच्या आधी, २०१०च्या ॲशेस दौऱ्यावर निघताना, कोच अँडी फ्लॉवरला सांगितलं होतं, मग टीमला. पेपरात बातमी आली ती काही महिन्यांनी. त्याने म्हणे वेल्सचा रग्बी कॅप्टन गॅरेथ थॉमसची गोष्ट वाचून धीर केला होता. म्हणजे एका पोराला दोन गोष्टी मिळाल्या, आधी बोललेला एक माणूस आणि ज्याच्याकडे जाऊन बोलता येईल असा कोच. आपल्या अंडर-१६च्या, अंडर-१९च्या कोचेसपैकी किती जणांकडे एखादा पोरगा असं बोलायला जाईल? बरेच कोच म्हणतील, माझ्याकडे आजवर असं कोणी आलंच नाही. मग गेल्या सिझनला कॅच सोडल्यावर तुम्ही नेट्समध्ये सगळ्यांसमोर काय ओरडला होतात ते आठवा, आणि तेव्हा हसणाऱ्या पंधरा पोरांमध्ये कोण कोण होतं तेही.